राजमल्लू मास्तरांची पृथ्वीप्रदक्षिणा

राजमल्लू मास्तर पॅसिफिक महासागरात होते तेव्हा मी कंपनीत लागलो.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. जेवणाच्या सुट्टीत फोल्डिंग खात्यातली माणसं डबे उघडून गोल बसली होती. कुणीतरी मीठ मागावं इतक्या सहजपणे एका बाईने विचारलं, "मास्तर, आज कुटं?"

"पाणीच हाय," मास्तर भाकरी मोडत म्हणाले. "उद्या बी पाणीच हाय. पुढच्या वर्षी बी पाणीच."

"बेट न्हाय एखादं?"

"हाय की. पण रस्त्यात न्हाय."

कुणी हसलं नाही. बाईंनी त्यांच्या भाकरीवर शेंगाचटणी वाढली आणि विषय पाण्याच्या टँकरकडे वळला. मी मोहोळजवळच्या एका खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर, हातात बी.एस्सी.चं प्रमाणपत्र आणि पायात भावाची चप्पल. मला वाटलं, शहरातल्या कंपनीत असंच बोलत असतील. मी गंभीरपणे मान हलवली.

खुलासा दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच केला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची टॉवेलची कंपनी. मास्तर तिथे चेकिंग-फोल्डिंगचे प्रमुख. राहायला जुळे सोलापुरात. तिथून कंपनीच्या गेटापर्यंत त्यांच्या ठरलेल्या वाटेने दहा किलोमीटर नऊशे साठ मीटर. जाऊन-येऊन एकवीस किलोमीटर नऊशे वीस. हे अंतर ते रोज काळ्या, दुहेरी दांड्याच्या सायकलवरून कापत. मुलीने, सुजाताने, वाढदिवसाला एक सायकलचा मीटर आणून दिला होता. पुढच्या चाकाच्या आरीला एक चुंबक, फोर्कला एक सेन्सर, हँडलवर आगपेटीएवढा डबा. चुंबक एकदा समोरून गेलं की चाकाचा एक फेरा. फेऱ्याची लांबी डब्यात भरायची, बाकीचा गुणाकार तो करतो. पहिल्या आठवड्यातच मास्तरांच्या डोक्यात आलं की पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर आहे, आणि वर्षाला आपण साडेसहा हजार तर कामासाठीच जातो.

मग त्यांनी शाळकरी पृथ्वीगोल आणला. सोलापूरवर टाचणी टोचली, कारण छापलेलं सोलापूर त्यावर नव्हतं. टाचणीपासून पूर्वेला दोरा ताणून पूर्ण फिरवून परत टाचणीला बांधला. दोरा ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम, फिलिपाइन्स असा जात होता. मग पॅसिफिक, मग पेरू, ब्राझील, मग अटलांटिक, आफ्रिका, येमेन, अरबी समुद्र आणि कोकणातून घरी. पूर्वेलाच का, असं मी विचारलं.

"एमआयडीसी पूर्वेला हाय की बे," ते म्हणाले. "पश्चिमेला कशाला जाऊ, काम न्हाय तिकडं."

मास्तर दिसायला किरकोळ होते. उंची बेताची, कपाळावर बारीक गंध, शर्टाच्या खिशात टायरची हवा बघायचा गेज. घरी तेलुगू बोलायचे, कंपनीत मराठी, आणि मशीन बिघडलं तर दोन्ही. मला पहिल्या दिवसापासून ते 'बीएस्सी' म्हणत. त्यात टिंगल नव्हती. स्वतः ते सातवीनंतर मागावर बसले होते, आणि डिग्री ही गोष्ट ते माझ्यापेक्षा जास्त मानायचे.

मोजण्याच्या बाबतीत मात्र ते डिग्रीलाही जुमानत नसत. पहिल्या महिन्यात मी एक लबाडी केली. दिवसाला चाळीस टॉवेलांची लांबी मोजून तक्त्यात लिहायची असे. मी दहा मोजले आणि उरलेल्या तिसांचे आकडे बसल्या जागी भरले. मास्तरांनी तक्ता बघितला.

"बीएस्सी, हे सगळे एका आईचे का?"

"म्हणजे?"

"सगळे दीडशे सेंटिमीटर. एक बी एकशे एकोणपन्नास न्हाय, एक बी एक्कावन न्हाय. टॉवेल हाय का सैनिक?"

त्यांनी वर कळवलं नाही. पाळी सुटल्यावर ते माझ्यासोबत थांबले, आणि आम्ही दोघांनी चाळीसच्या चाळीस टॉवेल टेबलावर अंथरून मोजले. ते टोक धरायचे, मी वाचायचो. त्या दिवशी ते महासागरातून दीड तास उशिरा घरी गेले. आज मी दुसऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभाग सांभाळतो. मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्या टेबलावर आलं, हे मी कुणालाही सांगेन.

त्यांच्या प्रवासाचे नियम कडक होते. माणूस सीटवर असला पाहिजे, चाक त्याच्याच पायांनी फिरलं पाहिजे. ट्रकच्या मागच्या साखळीला धरून चढ चढायचा नाही. दर रविवारी टायरची हवा बघायची, कारण हवा कमी झाली की चाक दबतं आणि फेरा लहान होतो. या नियमांपायी एकदा सिद्रामची चांगलीच पंचाईत झाली. पॅकिंगमधल्या सिद्रामने चेष्टा म्हणून चहाच्या वेळी मास्तरांची सायकल उलटी केली आणि पुढचं चाक हाताने गरागरा फिरवत बसला. मास्तर आले तेव्हा मीटरवर तेराशे मीटर वाढले होते.

"घ्या की मास्तर, फुकटात पुढं गेलात," सिद्राम म्हणाला.

मास्तरांचा चेहरा पडला. मीटरमधला आकडा कमी करता येत नाही. दुपारी त्यांनी जेवण सोडलं, आरीचं चुंबक काढून खिशात ठेवलं, आणि सायकलवर बसून गेटापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि परत आले. जायला साडेसहाशे, यायला साडेसहाशे. फुकटचे तेराशे मीटर पायांनी फेडून त्यांनी चुंबक परत बसवलं. सिद्राम गेटात उभा राहून बघत होता. त्याने नंतर स्वतःच्या पैशाने त्यांच्या साखळीला तेल घातलं.

सर्वांत अवघड नियम समुद्राचा होता. एरवी मास्तर अर्ध्या वाटेत एका टपरीवर थांबून चहा घ्यायचे. पण समुद्र लागला की घर ते गेट जमिनीला पाय लावायचा नाही. "पाण्यात पाय कुटं टेकवायचा?" असा त्यांचा साधा सवाल होता. लाल सिग्नल लागला की ते चौकाच्या अलीकडे, रिक्षांच्या मागे, सायकलवर गोल गोल फिरत राहायचे. पहिले काही दिवस वाहतूक पोलिसाने शिट्ट्या मारल्या. मग त्यालाही कळलं. मी एकदा मास्तरांच्या मागे मोटारसायकलवर होतो तेव्हा त्याने हात वर करून एक पाण्याचा टँकर अडवला आणि ओरडला, "जा काका, लाटा मोकळ्या हायत!"

पावणेतीन वर्षं मास्तर असे पॅसिफिकमध्ये होते. दोनदा पडले. ज्या दिवशी मीटरने पेरूचा किनारा दाखवला त्या सकाळी त्यांनी वाटेत सायकल उभी केली, दोन्ही पाय खाली ठेवले, आणि म्हणे पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मग पूर्ण खात्याला भजी आणली. गेटावरच्या दस्तगीर चाचांनी त्यांना मिठी मारली. चाचा पूर्वी आमच्याच कंपनीत मागांचे जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती आणि देखरेख त्यांच्याकडे असे. निवृत्तीनंतर ते गेटावर बसत. ते म्हणाले, "मुबारक हो मास्तर, जमीन देखी आखिर!" सुदानमध्ये असताना मास्तरांना आठ दिवस ताप आला, तर फोल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, तिकडची हवाच वाईट. येमेन आलं तेव्हा चाचांनी त्यांना खजूर दिला आणि त्यांच्याकडून तिकडची खबर विचारली. मास्तर म्हणाले, "रस्ता खराब हाय." खरंच होता. त्या महिन्यात एमआयडीसीचा रस्ता खोदून ठेवला होता.

मग अरबी समुद्र लागला. शेवटचं पाणी. आणि त्यांचा उजवा गुडघा गेला.

सायकलवरून उतरल्यावर ते दोन-दोन मिनिटं भिंतीला धरून उभे राहायला लागले. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला. सुजाता हैदराबादला नोकरीला. तिने तिकडच्या दवाखान्यात तारीख घेतली, महिनाभराची रजा टाकली आणि फोनवर बापाला सांगितलं की आता पुढे ढकललं तर मी बोलणार नाही. डॉक्टरांनी तोपर्यंत कामावर येण्या-जाण्यापुरती सायकल चालवू दिली, त्याच्या वर एक चक्कर नाही. पुन्हा कधी चालवता येईल याची त्यांनी खात्री दिली नाही.

मास्तरांनी हिशेब केला. मीटरवर एकोणचाळीस हजार तीनशे. घर सातशे किलोमीटरवर. ऑपरेशनआधी कामाचे दिवस तेरा. तेरा दिवसांत होणार दोनशे पंच्याऐंशी.

"म्हंजे चारशे पंधरा राहतात," ते मला म्हणाले. त्यांनी पृथ्वीगोल कंपनीत आणला होता आणि कॅलिपरने दोरा मोजत होते. "किनारा तीनशेवर हाय. मी पाण्यातच ऱ्हातो बे बीएस्सी. रत्नागिरीच्या समोर, शंभर-सव्वाशे किलोमीटर आत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कितीही सांगितलं तरी वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल याची मला कल्पना आहे. मला त्या क्षणी वाटलं नाही. सहा वर्षांपूर्वी निघालेला माणूस किनाऱ्याच्या इतक्या जवळ अडकणार होता.

नेमकं त्याच वेळी डॉ. शेटे देवासारखे आले. शेटे दातांचे डॉक्टर, वय पस्तीसच्या आसपास, शहरातल्या सायकल क्लबचे उत्साही सचिव. रविवारी चकचकीत कपडे घालून त्यांची मंडळी अक्कलकोट रोडला जायची तेव्हा मास्तरांशी ओळख झालेली. क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात मास्तरांचा सत्कार करायचं त्यांच्या मनात होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी मास्तरांच्या हँडलवर, जुन्या मीटरच्या शेजारी, एक जीपीएसचं यंत्र रबराने बांधून दिलं होतं. सहज, तुलना म्हणून. आता ते यंत्र आणि त्यातले आकडे घेऊन ते कंपनीत आले.

"काका, अभिनंदन! तुमची पृथ्वी झाली!"

"कुटं झाली? सातशे राहिलेत."

"नाही राहिले. तुमचा मीटर रोज कमी दाखवतो. तुमचे एकवीस-ब्याण्णव, माझ्या जीपीएसवर बावीस-एक्केचाळीस. वर आकाशातले उपग्रह मोजतात काका. त्या हिशेबाने तुम्ही चाळीस हजारांच्या पुढे गेलात. पुढच्या रविवारी सत्कार."

मी मास्तरांकडे बघितलं. मला वाटलं, सुटले. मास्तर मात्र त्या यंत्राकडे अशा नजरेने बघत होते, ज्या नजरेने ते सगळे टॉवेल दीडशे सेंटिमीटर लिहिणाऱ्याकडे बघत.

"डॉक्टर, ह्यो तुमचा उपग्रह सीटवर बसतो का?"

"नाही."

"मग त्याला काय म्हायती? चाक जमिनीला लागून जातं. खड्डा आला तर खड्ड्यात उतरतं. उपग्रह वरनं बघून अंदाज करतोय."

"अहो, तुमच्या मीटरमध्ये चाकाचा घेर काय भरलाय? एकवीसशे शहाऐंशी मिलिमीटर. या टायरला पुस्तकात बावीसशे तीस दिलाय."

"पुस्तक माझ्या सायकलवर बसलं न्हाय. मी बसलोय. माझं वजन घेऊन दहा फेरे फिरवले, कंपनीच्या गजानं मोजले. एकवीस गज आणि वर शहाऐंशी."

गज म्हणजे लाकडी मीटरपट्टी, दोन्ही टोकांना पितळ, अंगावर कंपनीचा शिक्का. स्टोअरच्या कपाटात कुलपात असायची. मास्तरांनी ती खास परवानगीने एका दिवसासाठी काढून घेतली होती, देवाची पालखी काढावी तशी.

शेटे हसले. "आणि सिग्नलला गोल गोल फिरता ते? त्यात तुम्ही कुठे जाता?"

"डॉक्टर, मी रोज संध्याकाळी घरी येतो. मग सहा वर्षांत मी कुटंच गेलो न्हाय का?"

डॉक्टर यंत्र तिथेच टेबलावर ठेवून निघाले. मी फिजिक्सचा पदवीधर, मी टॉवेल मोजायला घेतले.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी प्रयोग केला. जीपीएस चालू करून फोल्डिंग खात्याच्या खिडकीत ठेवलं आणि पाऊण तास कुणालाही हात लावू दिला नाही. एका बाईला पहाऱ्यावर बसवलं. पाऊण तासाने यंत्र म्हणालं, एकशे दहा मीटर. बाई शपथेवर सांगत होत्या की ते जागचं हललं नाही. मास्तरांनी लगेच शेट्यांना फोन लावला.

"डॉक्टर, तुमचं यंत्र खिडकीत बसून फिरायला गेलंतं. मी टपरीवर थांबलो की ते बी असंच हिंडत असणार. ह्यो रोजचा जादाचा अर्धा किलोमीटर त्याचा हाय, माझा न्हाय."

"अहो काका, सिग्नल भिंतींवर आपटून येतो म्हणून तसं होतं. पण एवढं नाही होत. तुम्ही आता समुद्रात आहात, टपरीवर थांबता तरी का?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "गेटात उतरून चाचाशी बोलतो," ते म्हणाले. "कार्यक्रम पुढं ढकला. मी अजून पाण्यात हाय. पाण्यातल्या माणसाला शाल घालून काय करता, भिजंल की."

सुजाताचा मला फोन आला. "दादा, तुमचं ऐकतात ते. हो म्हणायला सांगा ना. डॉक्टर स्वतः म्हणतात झालं म्हणून. असं अर्धवट मनाने ऑपरेशनला आत नेलं तर त्यांना बरं कसं वाटेल?" मी हो म्हणालो आणि मास्तरांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडून चाळीस टॉवेल मोजून घेतले होते. त्यांना मी अंदाजाने पृथ्वी मान्य करा असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

त्याच आठवड्यात कंपनीत ऑडिट होतं. मोजमापाची जेवढी साधनं आहेत तेवढी तपासून यादी करायचं काम माझ्याकडे. काटे, टेप, पट्ट्या. स्टोअरच्या कपाटातला गज आता कुणी वापरत नव्हतं, पण कपाटात होता म्हणून मी तोही काढला आणि नव्या पोलादी टेपशेजारी टेबलावर ठेवला.

गज संपला तिथे टेप एकशे दोन सेंटिमीटर दाखवत होता.

मला वाटलं मीच चुकलो. दुसरा टेप आणला. एकशे दोन. गजावर शिक्का स्पष्ट होता, एक मीटर. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून गेटावर दस्तगीर चाचांकडे नेला. चाचांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, ये तो घटीचा गज! अजून हाय का ह्यो?"

"घटीचा म्हणजे?"

"टॉवेल मागावरनं निघाला की धुवायला जातो की नई? धुतला की आटतो. मीटरला दोन सेंटिमीटर. मग मागावर मोजायला गजच दोन सेंटिमीटर लांब करून घेतला मालकांनी. हिसाब का झंझट नको. ह्या गजानं मीटर कापा, धुवा, बराबर मीटर भरतो. आमच्या विणाई खात्याचा होता. मास्तरांच्या फोल्डिंगला धुतलेला माल, त्यांना काय ठाऊक?"

मी तिथेच स्टुलावर बसलो. मास्तरांनी ज्या गजाने चाकाचा फेरा मोजला तो गजच लांब होता. लांब गजाने मोजलं म्हणून फेरा लहान भरला. मीटर सहा वर्षं प्रत्येक शंभर किलोमीटरला दोन किलोमीटर कमी सांगत होता. मास्तरांनी टॉवेल आटतो तशी पृथ्वी धुऊन मोजली होती.

म्हणजे ते पोचले होते. आणि ज्या मोजणीवर त्यांचा जीव होता ती चुकलेली होती. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगायच्या होत्या. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गज आणि टेप दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले.

त्यांनी चार वेळा मोजलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा चष्मा काढून, एकदा बाईंकडून टोक धरवून. मग खिशातली वही काढली. त्यात रोजचे आकडे होते. बराच वेळ पेन्सिल चालली. खात्यातलं कुणी जेवत नव्हतं.

"पाच दिवस," ते शेवटी म्हणाले.

"कसले पाच दिवस, मास्तर?"

"फिलिपाइन्सच्या टोकाला. मला वाटलं अजून जमीन हाय. पाच दिवस मी पाण्यात उभा राहून चहा पिलो बे!"

मला हसावं की काय कळेना. त्यांना बाकी कशाचंच काही वाटलं नव्हतं. चुकलेल्या गजाचं नाही, वाया गेलेल्या कॅलिपरचं नाही. समुद्रात पाय टेकवल्याची लाज वाटत होती.

"आणि पेरूत?" एका बाईने विचारलं. त्या सगळा प्रवास पाठ असल्यासारख्या ऐकत होत्या.

वहीची पानं उलटली. "पेरूत तीन आठवडे आधीच लागलो होतो. जमिनीवर असून पाय टेकवला न्हाय."

"मग फिटलं की मास्तर," बाई म्हणाल्या. "पाच दिवस जादा घेतले, एकवीस दिवस सोडले. तुमचंच येणं निघतंय."

मास्तरांनी यावर गंभीरपणे विचार केला आणि मान हलवली. मग ते सोलापूर ओलांडल्याचा दिवस शोधू लागले. तो दहा दिवसांपूर्वीचा बुधवार निघाला. संध्याकाळी घरी येताना, पुलाच्या चढावर. त्यांना तो चढ आठवत होता, कारण तिथे एका टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून त्यांना सांगितलं होतं, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?"

"त्याच टायमाला झाली असणार," मास्तर म्हणाले. "मी त्याला काय म्हणालो म्हायती हाय का? म्हणालो, तूच मर."

पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होताना उच्चारलेले शब्द म्हणून ते काही बरे नव्हते. पण आता खात्यात सगळे हसत होते आणि मास्तरही हसत होते, डोळे पुसत.

संध्याकाळी शेट्यांना फोन झाला. पलीकडून आनंदाचा आवाज मलाही ऐकू आला. "बघा काका! म्हणजे जीपीएस बरोबर होतं!"

"न्हाय," मास्तर शांतपणे म्हणाले. "चाक बरोबर होतं, गज चुकला. आता चाकाचं रोजचं बावीस-छत्तीस येतं. तुमचं बावीस-एक्केचाळीस. पन्नास मीटर तुमचं यंत्र अजून बी गेटावर हिंडतंय."

सत्कार झाला. मास्तरांनी शाल घेतली. पण निवेदक म्हणाला की काका नुकतेच पोचले आहेत, तेव्हा त्यांनी माईक ओढून दुरुस्ती केली की पोचून अकरा दिवस झाले, या क्षणी आपण दुसऱ्या फेरीत, हैदराबादच्या वाटेवर जहीराबादच्या पुढे आहोत. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सुजाता पहिल्या रांगेत होती, तिने कपाळावर हात मारून घेतला.

नंतर ते हैदराबादला गेले ते मुलीकडेच राहिले. गुडघा छान झाला आहे, असं ती फोनवर सांगते. मास्तर फोनवर फार बोलत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते त्यांच्या इथल्या शेवटच्या शुक्रवारचे.

त्या सकाळी मी मोटारसायकलवरून येताना ते मला अर्ध्या वाटेत दिसले. सायकल झाडाला टेकवलेली. हँडलवर मीटर नव्हता. मी घाबरून थांबलो, वाटलं गुडघा धरला.

"काय झालं मास्तर?"

"हे कधी बांधलं बे?" त्यांनी समोर बोट केलं. दोन मजली शाळा होती, निळ्या रंगाची, कुंपणाला बोगनवेल.

"चार वर्षं झाली असतील."

"आणि हा पेट्रोल पंप?"

"तोही तेव्हाचाच."

ते एकेक गोष्ट बघत होते. रोजच्या वाटेवरचं गाव त्यांनी जणू पहिल्यांदा पाहिलं. झाडाखाली एक बाई पाटीत पेरू घेऊन बसली होती. मास्तर तिच्यापाशी गेले.

"तुमी हितं किती दिवस बसता?"

"पाच वर्सं झाली की काका," बाई म्हणाली. "रोज बघते तुमास्नी. येताना बी, जाताना बी. इकडं कधी बघत न्हाय तुमी. एवढं घाईनं रोज कुटं जाता?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता दोरा, टाचणी, महासागर, सगळं निघणार. मी घड्याळ बघितलं.

"कामाला," ते म्हणाले. "हितंच, एमआयडीसीत."

"मग आज उशीर न्हाय का व्हत?"

"होऊ दे."

बाईने पेरू चिरला, तिखट-मीठ लावलं आणि बसायला एक रिकामा क्रेट पुढे केला. मास्तर दुखरा पाय लांब करून त्यावर बसले आणि तिला तिचं गाव कोणतं ते विचारू लागले. मला हजेरीचं कार्ड पंच करायचं होतं, मी निघालो.